उजवा बरोबर डावा

६ जानेवारी

आत्या,

नमस्कार. फोनच केला असता, पण फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागे मी "यंत्र आलं" म्हणाले, तर "कुठले मंत्री आले?" म्हणून तू दहा मिनिटं माझी उलटतपासणी घेतलीस. म्हणून हे पत्र. शिवाय सव्वीस वर्षं तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवलेल्या बाईला प्रश्न लेखीच विचारलेला बरा, नाहीतर "नीट मांड, मग बोल" हे ठरलेलंच.

तर यंत्र छान चाललंय. फर्मा कोरणारं. (तू कारखान्यात येऊन चार वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते: फर्मा म्हणजे बुटाच्या पोटात बसणारा लाकडी पाय, ज्याच्यावर चामडं ताणतात.) पूर्वी बाबा हाताने, कानशीने घासून घासून फर्मा करायचे. आता मी फर्म्याची मापं प्रोग्रॅममध्ये भरते आणि यंत्र ठोकळा कोरून देतं. तो प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय, संध्याकाळच्या वर्गात शिकून! शाबासकी पत्राने पाठव.

आता प्रश्न. माझा नाही, वर्गातल्या एका मैत्रिणीचा आहे. तिने एक वस्तू तयार केली, तिचं नाव "डावा". तिच्यात सगळी माहिती भरली. मग दुसरी वस्तू केली, "उजवा", आणि पुन्हा सगळं टाइप करायला नको म्हणून लिहिलं: उजवा = डावा. इथवर ठीक. मग तिने उजव्यातली मापं बदलली, तर डाव्यातलीही बदलली! डाव्याला तिने हातसुद्धा लावला नव्हता. असं का होतं? जमलं तर लवकर कळव, ती बिचारी अडून बसली आहे.

बाबा मजेत. तुझी आठवण काढतात.

तुझी टिटवी

१३ जानेवारी

प्रिय टिटवे,

शाबासकी सोबत पाठवीत आहे; पाकीट जरा जड लागले तर ती तिच्यामुळेच, असे समज.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की चहा निवून गेला. तिने अगदी मुळालाच हात घातला आहे. सावकाश वाच.

आपण शाळेत "=" हे चिन्ह कसे वाचतो? "बरोबर". दोन अधिक दोन बरोबर चार. गणितात ते विधान असते: ही बाजू आणि ती बाजू सारखी आहे. प्रोग्रॅममध्ये मात्र तेच चिन्ह हुकूम असते: उजवीकडचे घे आणि डावीकडच्यात ठेव. माझे विद्यार्थी पहिले सहा महिने ह्याच ठिकाणी ठेचकाळत. मी त्यांना सांगत असे, बाबांनो, "बरोबर" म्हणू नका, "त्यात ठेव" म्हणा. पण आपल्या भाषेतला हा शब्द मोठा लबाड आहे. "उत्तर बरोबर आहे" म्हणताना तो "अचूक" होतो आणि "मी तुझ्याबरोबर येते" म्हणताना "सोबत" होतो. तुझ्या मैत्रिणीला हवा होता "सारखा", आणि तिला मिळाला "सोबत"!

कसा ते सांगते. "डावा" ही वस्तू म्हणजे एक लिफाफा आहे असे धर. लिफाफ्यात चार गोष्टी आहेत: गिऱ्हाइकाचे नाव, बाजू, चामड्याचा प्रकार आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिले आहे, "मापे सात नंबरच्या कप्प्यात". मापे पुष्कळ, ती लिफाफ्यात मावत नाहीत, म्हणून कप्प्यात ठेवली आहेत. आता "उजवा = डावा" म्हटल्यावर भाषा काय करते? तिला दुसरे काही शिकवले नसेल तर ती लिफाफ्यातले जसेच्या तसे उतरवून घेते. नाव उतरले, बाजू उतरली, चामडे उतरले आणि चिठ्ठीही उतरली. चिठ्ठीवर अजूनही सातच नंबर आहे. लिफाफे दोन झाले, कप्पा एकच राहिला. उजव्याने कप्पा उघडून मापे बदलली, की डावा जेव्हा केव्हा तोच कप्पा उघडेल तेव्हा त्याला बदललेलीच मापे दिसणार. नाव आणि बाजू मात्र लिफाफ्यातच असल्यामुळे ती खरोखर वेगळी राहतात. म्हणूनच ही चूक पटकन नजरेस येत नाही.

तेव्हा भाषेला शिकवावे लागेल की "फर्मा" ह्या जातीच्या वस्तूंपुरता "=" चा अर्थ काय घ्यायचा. तशी मुभा ती देते. ही मला ह्या विषयातली सगळ्यांत गोड गोष्ट वाटते: आपण घडवलेल्या वस्तूसाठी एका चिन्हाचा अर्थ आपणच ठरवायचा. मैत्रिणीला हवे असेल तर रीत लिहून पाठवीन.

एक शंका. तुझ्या मैत्रिणीलाही डाव्या-उजव्याचेच वेड कसे लागले? संसर्ग दिसतो.

दादाने माझी आठवण काढली हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. तो आठवण काढत नाही, तो थेट भांडण काढतो. सगळे ठीक आहे ना?

आत्या

२१ जानेवारी

आत्या,

मैत्रीण नाही. मीच ती. आणि सगळं ठीक नाही.

आमच्याकडे अकरा वर्षांपासून एक नर्सबाई येतात. लहानपणच्या आजारामुळे त्यांचं डावं पाऊल उजव्यापेक्षा बोटभर आखूड आणि टाचेत अरुंद आहे. दिवसभर वॉर्डात उभं राहणं, चालणं. बाबा दरवर्षी त्यांचा डावा फर्मा कानशीने थोडा थोडा बदलत आले. त्यांचा जोड यंत्रावर करायचा हट्ट माझा. डाव्याची मापं भरली, उजवा = डावा केलं, बाजू बदलली, मग उजव्याची खरी मापं भरली. यंत्राने दोन फर्मे कोरले. एक डावा, एक उजवा, आणि दोन्ही उजव्याच्या मापाचे.

तुला वाटेल, इतके डोळे असताना कुणाला दिसलं कसं नाही? अगं, दिसलं ना! शिलाईच्या मावशींनी दोन्ही बूट शेजारी ठेवले आणि सगळ्या कारखान्याला ओरडून सांगितलं, "बघा गं, यंत्राची कमाल! या वेळी जोड कसा अगदी बरोबर आला!" आणि मी खूश झाले. दुसऱ्या कुठल्याही बुटाच्या दुकानात दोन बूट सारखे आले की काम चोख. आमच्याकडे गिऱ्हाईकच असमान पायांचं, सारखे आले म्हणजे चुकले. हे मला, या घरात जन्मलेल्या मुलीला, त्या क्षणी सुचलं नाही.

नर्सबाईंचा बाबांवर इतका विश्वास की पाय आत सरकत असूनही त्यांनी "नवं चामडं आहे, बसेल हळूहळू" म्हणून अख्खी पाळी काढली. टाच सोलून निघाली, मग जखम चिघळली. आता त्या रजेवर आहेत. सोळा फेब्रुवारीला पुन्हा कामावर जायचं आहे.

बाबांनी ते बूट हातात घेतले, मापाची फीत लावली, एकदा डाव्याला, एकदा उजव्याला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि घरी गेले. आज अठरावा दिवस. घरी फक्त एकदाच बोलले: "तिचा जोड मी हाताने करीन. आणि नाहीच जमलं, तर तुझा होऊ दे. पण तोही बसला नाही, तर यंत्र परत."

आत्या, त्यांच्या उजव्या अंगठ्याला कानस धरवत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर यंत्र आणलं. यंत्र गेलं तर कारखान्याला कुलूपच. आणि मला दुसरं काही करायचं नाही, हेच करायचं आहे.

बाबांनी हाताने केलेला डाव्याचा लाकडी फर्मा मी माप घ्यायच्या काट्याने पुन्हा मोजून घेतला, चारशे बारा ठिकाणी. त्यानंतर बाबा तो घरी घेऊन गेले. ती रीत लिहून पाठव. मैत्रिणीसाठी नको, माझ्यासाठी.

टिटवी

२७ जानेवारी

प्रिय टिटवे,

खोटे बोललीस त्याचा राग आला, आणि खोटे बोलताना वस्तूंची खरी नावे तशीच ठेवलीस ह्याचे हसू आले. तुझ्या बापालाही धड खोटे बोलता येत नसे. आपल्या घरात हे कौशल्य कुणालाच नाही, तेव्हा नादाला लागू नकोस.

आता रीत. "=" ला फर्म्यापुरता नवा अर्थ द्यायचा म्हणजे एक छोटे काम लिहून ठेवायचे. "डावीकडच्यात उजवीकडचे ठेव" असे म्हटल्यावर हे काम आपोआप चालेल. त्याच्या पायऱ्या अशा. पहिली: ज्याच्यात ठेवायचे आहे त्याचा जुना कप्पा टाकून दे, जुनी मापे आता नको आहेत, आणि कप्पे अडवून ठेवले तर यंत्राची स्मृती भरत जाते. दुसरी: नवा, रिकामा कप्पा घे आणि समोरच्याच्या कप्प्यातले चारशे बाराही आकडे एक एक करून त्यात उतरव. चिठ्ठीवर ह्या नव्या कप्प्याचा नंबर लिही. चिठ्ठी उतरवायची नाही, मापे उतरवायची! तिसरी: काम संपले की ज्याच्यात ठेवले ती वस्तूच उत्तर म्हणून परत दे. हे कशासाठी? तर "तिसरा = उजवा = डावा" अशी साखळी लिहिता यावी म्हणून. डावा उजव्यात गेला, जो उजवा परत आला तो तिसऱ्यात गेला. पाण्याची बादली हातोहात पुढे जावी तसे. किती सुबक आहे पाहा!

हे तू स्वतः, कागदावर, पेन्सिलीने लिही; मग टाइप कर. छापील तयार उत्तर मी मुद्दाम पाठवीत नाही. आणि एक चौथी गोष्ट आहे, पण एका बैठकीत तीनच, हा माझा नेम तुला ठाऊक आहे. ह्या तीन अंगवळणी पडल्या की कळव, चौथी पाठवते.

दादाला मी पत्र लिहिणार नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये मी उभी राहिले की तुम्ही दोघेही माझ्याकडे तोंड करून बोलता, एकमेकांकडे नाही.

अकरा वर्षे एकच पाय घासत राहणाऱ्या माणसाला राग यंत्राचा आलेला नसतो. एवढे मात्र लक्षात ठेव.

आत्या

५ फेब्रुवारी

आत्या,

आधी चांगलं. तुझ्या तीन पायऱ्या लिहिल्या, चालवल्या, आणि उजवा बदलला तरी डावा जागचा हलला नाही. मी खुर्चीतून उठून शिलाईच्या मावशींना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अगं, हातात सुई आहे!"

आता वाईट. काल पडद्यावर यादीतून निवडत होते: कोणाचा फर्मा घ्यायचा आणि कुठे ठेवायचा. घाईत दोन्हीकडे नर्सबाईंचा डावाच निवडला गेला. म्हणजे डावा = डावा. मला वाटलं, काय बिघडतंय, आपलंच आपल्याला. प्रोग्रॅम बंद केला, बंद होताना सगळं आपोआप जतन होतं. आज उघडला तर चारशे बारा शून्यं. यंत्राने ठोकळा तसाच परत दिला, न कोरलेला.

वेगळी प्रत ठेवली नव्हती. ठेवायला हवी होती, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकते.

लाकडी फर्मा आणून पुन्हा मोजावा म्हटलं, तर घरी तो कपाटात नाही. बाबांना विचारायचं धाडस होत नाही, कारण मग का हवा आहे ते सांगावं लागेल. अकरा दिवस उरलेत. आत्या, मी तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं होतं गं.

टिटवी

८ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

केलेस, आणि म्हणूनच बुडालीस. चूक माझी आहे. हे वाक्य मी वर्गात सव्वीस वर्षांत दोनदा उच्चारले असेल, म्हणून ते नीट लिहून देते: चूक माझी आहे.

मी मागे ठेवलेली चौथी गोष्ट प्रत्यक्षात पहिली पायरी आहे. काहीही टाकून देण्याआधी विचारायचे: समोरचा आणि मी एकच तर नाही? एकच असू तर काही न करता परत फिरायचे. तू हे विचारले नाहीस, कारण मी सांगितले नव्हते. मग काय झाले ते पाहा. डाव्याने आपला जुना कप्पा टाकला. नवा, रिकामा कप्पा घेतला. मग समोरच्याचा कप्पा उघडून मापे उतरवू लागला. पण समोरचा म्हणजे तो स्वतःच, आणि कप्पा म्हणजे आत्ताच घेतलेला रिकामाच. शून्ये शून्यांवर उतरली. नव्या विद्यार्थ्याला एका वेळी तीनच घास, हा माझा नेम मी फार मिरवला. ज्या पायरीवाचून माणूस पडतो ती पुढच्या आठवड्यावर टाकायची नसते.

ही ओळ आजच्या आज सर्वांत वर लिही. शिवाय जुना कप्पा आधी टाकू नकोस. नवा पूर्ण भरून झाला, की मगच टाक.

आणि दादाकडे जा. फर्मा कपाटात नाही म्हणजे तो लपवला आहे. लहानपणी त्याच्या हातून आमच्या वडिलांची मोजपट्टी मोडली, तेव्हा दोन दिवस तो सदऱ्याच्या आत पट्टी घालून वावरत होता, जेवायला बसताना वाकतसुद्धा नव्हता. तू आधी तुझे सांग. त्याचे तो सांगेल. हे पत्र त्याला वाचायला दिलेस तरी चालेल. मोजपट्टीचा भाग तर अवश्य दे.

आत्या

१८ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

मोजपट्टी आधीच तडकलेली होती. हे मी साठ वर्षं सांगतो आहे.

टिटवीने तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी वाचलं. कप्प्यांचं मला अर्धं कळलं. "चूक माझी आहे" हे मात्र तुझ्या अक्षरात दोनदा वाचलं, आणि पाकिटावरचा पत्ताही तपासून पाहिला. मग ती म्हणाली, "बाबा, डाव्याची मापं माझ्याकडून पुसली गेली. सगळी." आणि रडायला लागायच्या आत मी उठलो, पेटीमागून फर्मा काढला आणि तिच्या हातात दिला. टाचेवर कानस घसरली होती. अंगठ्याने दगा दिला. चांगला खड्डा पडला होता. पंधरा दिवस तो तिथेच पडून होता.

तिने खड्ड्यावरून बोट फिरवलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लाकूड बिघडवलंत आणि मी मापं."

मी म्हटलं, "घराण्याचं नाव राखलंस."

मग तिने फर्मा पुन्हा मोजला. खड्ड्याच्या जागची एकोणचाळीस मापं सोडून बाकी सगळी मिळाली. ती एकोणचाळीस माझ्या डोक्यात आहेत असं मला वाटत होतं. नव्हती. बोटांत होती. नर्सबाईंना बोलावलं. त्या लंगडत आल्या, मला फार वाईट वाटलं. मी त्यांची टाच हातात धरून सांगत गेलो, "इथे दोन कागद कमी, इथे एक कागद जास्त." टिटवी विचारते, "कागद म्हणजे किती?" मी म्हटलं, "कागदाएवढा." तिने चोपडीतलं पान फाडून त्याची जाडी मोजली आणि तो आकडा घातला. मी चाळीस वर्षं कागद म्हणतो आहे, तो मोजून कुणी बघितला नव्हता.

तीन वेळा फर्मा कोरला. दोनदा टाकला. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, या वेळी यंत्रावर नाही ना?" मी म्हटलं, "यंत्रावरच. पण ते आता माझं ऐकतं." टिटवी म्हणाली, "माझं ऐकतं. मी तुमचं ऐकते." ही उलट बोलायची सवय तुझ्याकडून आली आहे.

शिलाईच्या मावशींनी बूट शेजारी ठेवले आणि या वेळी कुणी कौतुक करायच्या आधी फीत लावली.

परवा सकाळी नर्सबाई कामावर जाताना आल्या. बसल्या, बूट चढवले, नाड्या बांधल्या. उभ्या राहिल्या. टिटवीने श्वास घेतलेला नव्हता, मला दिसत होतं. त्या कारखान्याच्या दारापर्यंत गेल्या, मग फाटकापर्यंत, आणि उशीर होतो म्हणून तशाच रस्त्याला लागल्या. त्यांचे घरून घालून आलेले जुने बूट इथेच राहिले. मी ते उचलले आणि मागून हाका मारत निघालो. त्यांनी ऐकलं नाही. मी पावलं लांब टाकली. मग पळालो, एप्रनसकट. बस थांब्यापर्यंत पळालो. अकरा वर्षं ती बाई माझ्या पुढून सावकाश जाताना बघत आलो आहे, आणि परवा मला तिला गाठता आलं नाही.

दादा